पाणी उतरलेलं पातं

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकबाई दोन वर्षं माझ्या मागे लागल्या होत्या. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मी माझ्या धंद्याबद्दल लिहिलं तर तुमच्या अंकात रक्त सांडेल. त्या म्हणाल्या, "चालेल हो साळवेसाहेब, फक्त पाककृतींच्या पानांच्या आधी नको." तेव्हा हा लेख कुठे छापलाय ते वाचकांनी पाहून घ्यावं आणि तक्रार असेल तर थेट बाईंकडे करावी.

मी धार लावतो. स्टुटगार्टमध्ये एका चढाच्या रस्त्यावर माझी श्लायफेराय आहे, म्हणजे धारेचं दुकान. त्याआधी सव्वीस वर्षं मी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टूल ग्राइंडर होतो. वाळूजच्या एमआयडीसीतून इथे कसा आलो, जर्मन कसं शिकलो, पहिला बर्फ पाहून काय वाटलं वगैरे मी लिहिणार नाही, कारण ते आपल्यापैकी प्रत्येकानं एकदा लिहून झालेलं आहे. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा मलाही फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. घरी बसून मी स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या सुऱ्यांना धार लावली, कात्र्यांना लावली, बटाट्याची सालं काढायच्या यंत्रालासुद्धा लावली. तिसऱ्या आठवड्यात बोटाला पट्टी बांधता बांधता सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "अहो, आता एखादं दुकान तरी काढा, नाहीतर मला बोटं उरायची नाहीत."

दुकानात काय काय येतं ते ऐकाल तर थक्क व्हाल. शेफ लोकांच्या सुऱ्या, कुत्र्यांचे केस कापायच्या कात्र्या, बागेतल्या कैच्या, एका म्हाताऱ्या आजोबांचा वस्तरा, आणि मराठी घरांतल्या विळ्या. विळी पहिल्यांदा काउंटरवर आली तेव्हा रांगेतल्या जर्मन बाई दोन पावलं मागे सरकल्या. हिच्यावर बसून आमच्याकडे भाजी चिरतात असं मी त्यांना सांगितलं, पण 'बसून' हा शब्द त्यांनी फारच शब्दशः घेतला असावा, कारण त्यांच्या चेहऱ्यावरची कळ काही गेली नाही.

आणि मग तिरंदाज येऊ लागले.

पहिला आला तेव्हा मी त्याला ठणकावून सांगितलं की जर्मनीत धनुष्यबाणानं शिकार करायला बंदी आहे. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, "म्हणून तर आम्ही हंगेरीला जातो." इथल्या क्लबांत सराव करायचा, परीक्षा देऊन रीतसर परवाने काढायचे आणि जिथे कायदा आहे तिथे जाऊन शिकार करायची, अशी ही मंडळी. सरावाच्या बाणाला साधं गोळीसारखं टोक असतं. शिकारीच्या बाणाला मात्र पाती लावतात, दोन किंवा तीन, एखाद्या लहानशा भाल्यासारखी. त्याला जगभर ब्रॉडहेड म्हणतात. त्यानं कापसात गुंडाळलेली तीन ब्रॉडहेडं माझ्यासमोर ठेवली आणि मी भिंग डोळ्याला लावलं. खोटं कशाला बोलू, इतकं नेटकं काम मी कंपनी सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. हात शिवशिवायला लागले.

बाहेरच्या माणसाला वाटतं की बाण म्हणजे हळू जाणारी गोळी. तसं नाही. गोळी धक्क्यानं मारते. बाणात तेवढा धक्का नसतो, तो फक्त कापतो, आणि रक्त गेलं की जनावर काही सेकंदांत खाली बसतं. पातं खरंच तीक्ष्ण असेल तर त्याला आपल्याला काय झालंय ते धड कळतही नाही. एखादं चार पावलं चालून पुन्हा गवताला तोंड लावतं आणि तिथेच कोसळतं. पातं बोथट असेल तर शिरा कापल्या न जाता बाजूला सरकतात आणि जनावर जखम घेऊन पळतं. म्हणजे सगळं येऊन ठेपतं ते धारेवर. आपल्याकडे कुठल्याही कामात 'चालेल' म्हणायची पद्धत आहे, इथे ती चालत नाही.

निवड हीसुद्धा एक भानगड असते. ज्याच्या धनुष्याला जोर आहे त्यानं तीन पात्यांचं घ्यावं, जखम रुंद होते. ज्याचं धनुष्य हलकं आहे त्यानं दोन पात्यांचंच घ्यावं, ते कमी जोरात आत शिरतं. तिसरा एक प्रकार आहे, पाती मिटून उडायचं आणि लागल्यावर उघडायचं. म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमचा एक सॉफ्टवेअरवाला तसली बारा घेऊन आला होता, बारा वेगवेगळ्या कंपन्यांची, बारा व्हिडिओ बघून घेतलेली. त्यातलं एक एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, त्याच्या जाकिटाच्या खिशातच उघडलं होतं. मी आधी खिशाला ठिगळ लाव म्हटलं आणि मग त्याला दोन पात्यांच्या साध्या टोकावर आणून सोडलं. एका माणसाची सगळी टोकं तोलून सारख्या वजनाची हवीत, कारण एकाची धार काढताना जास्त लोखंड गेलं तर तो बाण वेगळा उडतो. ह्या कामासाठी मी सोनाराकडे असतो तसा काटा आणला आहे.

धार लागली की नाही हे बघायला लोक हातावरचे केस काढून बघतात. माझा डावा हात त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंत वर्षभर गुळगुळीत असतो. पण खरी परीक्षा रबरबँडची. तो बोटांत हलकेच ताणायचा आणि पातं नुसतं टेकवायचं. तटकन तुटला तर पास. ओढावं लागलं, घासावं लागलं, की नापास. एक लठ्ठ, मिशाळ गृहस्थ आपल्या पात्यांबद्दल फार ऐटीत बोलत होते. पंधरा वर्षांचा अनुभव आहे, म्हणाले. मी रबरबँड दिला. त्यांनी पातं टेकवलं, दाबलं, पुढे-मागे केलं, शेवटी रबरबँड उडून त्यांच्याच मिशीला लागला. त्याच पात्यांनी ते वर्षभर फोमच्या लक्ष्यावर सराव करत होते, आणि एका नेमातच धार मरते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर ते माझे फार चांगले गिऱ्हाईक झाले.

घरी मात्र हे प्रकरण गोड नव्हतं. आम्ही बौद्ध. आमच्याकडे संध्याकाळी मेणबत्ती लावून पंचशील म्हटलं जातं, आणि त्यातलं पहिलंच शील जिवाची हिंसा करणार नाही असं आहे. सुनंदाचं म्हणणं, दिवसभर बाण घासायचे आणि संध्याकाळी हात जोडून हे म्हणायचं, हे कसं? मी म्हणायचो, "अगं, रविवारी आपल्याकडे मटण असतं."

"मटण वेगळं. ते आपण नाही आणलं तरी कापलं जाणारच आहे. हा बाण तुमच्या हातचा आहे."

"माझ्या हातची फक्त धार आहे. उलट धारेमुळे जनावराचे हाल वाचतात."

"हे तुम्ही मला सांगताय की स्वतःला?"

मुलगी प्रज्ञा व्हीगन आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण भांडते जर्मनमध्येच. ती आम्हा दोघांनाही, मला बाणावरून आणि आईला मटणावरून, एका दमात झापायची आणि निघून जायची. मी चिडायचो. हाल वाचतात हा माझा मुद्दा मला अगदी चोख वाटत होता, आणि लांगेबाई भेटल्यावर तर मी तो जास्तच तोऱ्यात मांडायला लागलो.

फ्राऊ डॉक्टर लांगे ह्या निवृत्त पशुवैद्य. वय एकोणसत्तर, पांढरी वेणी, योगाच्या चटईच्या पिशवीत बाण घालून चढ चढत यायच्या. वर्षाला एकच जनावर मारायच्या, त्याच्यासोबत फोटो काढायच्या नाहीत, आणि मारलेलं सगळं खायच्या. त्यांचं धनुष्य कायद्याला जेमतेम पुरेल एवढ्याच जोराचं, म्हणून टोक दोन पात्यांचं आणि धार अगदी नेमकी हवी. पूर्वी त्या स्वतःच धार लावायच्या, पण अंगठ्याचे सांधे धरल्यामुळे एवढंसं टोक दगडावर पकडता येत नव्हतं. एकदा मी विचारलं की तुम्ही जनावरांच्या डॉक्टर, मग हे कसं? त्यांना प्रश्नाचा राग आला नाही.

"पस्तीस वर्षं मी आजारी जनावरांना इंजेक्शन देऊन सोडवलं, हेर साल्वे," त्या म्हणाल्या. (हेर म्हणजे श्रीयुत, आणि 'ळ' त्यांना जमत नाही.) "एकालाही वाट पाहायला लावली नाही. बाणाचंही तसंच असलं पाहिजे. नसेल तर मी ते करणार नाही."

हे वाक्य मी घरी जाऊन सुनंदाला ऐकवलं. माझ्या बाजूची साक्ष मिळाली म्हणून खूश होतो.

आता मुख्य गोष्ट. हंगेरीत रे नावाच्या हरणाच्या नराची शिकार पंधरा एप्रिलला खुली होते. हे हरीण आपल्या भेकराएवढं असतं. गेल्या वर्षी लांगेबाई त्याच्या दोन दिवस आधी सकाळी आपली तीन टोकं घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्या निघणार होत्या. आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे चौदा एप्रिलला, ड्युसेलडॉर्फला आमचा जयंतीचा कार्यक्रम होता. प्रतिमेची मोठी फ्रेम आणि हार-पताकांचं खोकं माझ्याकडे होतं आणि दुपारची गाडी पकडायची होती. सुनंदाचे दर पंधरा मिनिटांनी फोन येत होते.

दोन टोकं पटकन झाली. तिसऱ्याच्या धारेला बारीक खाच पडली होती, कुठेतरी दगडावर लागलं असावं. दगडावर हातानं घासून ती काढायला तासभर लागला असता. माझ्याकडे नवंकोरं पट्ट्याचं ग्राइंडर होतं, कोरडं चालणारं. मी ते सुरू केलं.

इथे बाहेरच्या लोकांना थोडं समजावून सांगायला हवं. पोलादाला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून आणि थंड करून त्याला कडकपणा आणलेला असतो. घासताना ते पुन्हा फार तापलं की हे पाणी उतरतं. आधी पिवळट होतं, मग तपकिरी, मग जांभळं, मग निळं. निळं झालं की त्या जागेचा कडकपणा गेला. कंपनीत सव्वीस वर्षं माझ्या चाकावर कूलंटची, म्हणजे गार ठेवणाऱ्या पाण्याची, धार नळासारखी चालू असायची. उष्णतेचा विचार मला कधी करावाच लागला नव्हता. ज्यानं आयुष्यभर हातानं धार लावली आहे तो असली चूक करणार नाही, कारण त्याच्या बोटांना आधी चटका बसतो. मी तर चिमट्यात धरलं होतं. ती चूक माझ्यासारख्या कारखान्यातल्या तरबेज माणसालाच शोभणारी होती.

पातं पट्ट्यावरून उचललं तेव्हा टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढा निळा डाग होता.

त्याचा अर्थ काय हे मला वाळूजच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. ते टोक भंगारात टाकून बाईंना सांगायचं होतं की माझ्या हातून जळलं, दोनच घेऊन जा. एवढंच करायचं होतं. पण मागे काउंटरपाशी बाई उभ्या होत्या, सव्वीस वर्षांच्या अनुभवाची फ्रेम भिंतीवर होती, आणि माझ्या हातून पातं जळलं हे तोंडातून निघेना. मी ते चामड्याच्या पट्ट्यावर धरलं आणि अर्ध्या मिनिटात तो निळा डाग घालवला. पातं आरशासारखं चमकायला लागलं. केस निघाले. रबरबँड तटकन तुटला. धारेच्या सगळ्या परीक्षांत ते पास झालं, कारण पोलाद मऊ पडलंय हे ह्या परीक्षांत कळत नाही. बाईंनी ते उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "वुंडरश्योन." फार सुंदर.

मी गाडी पकडली. ड्युसेलडॉर्फला कार्यक्रम छान झाला, मी गाण्यांत कोरसला होतो, जेवणात दोनदा वाढून घेतलं. त्या दोन दिवसांत मला त्या पात्याची एकदाही आठवण झाली नाही, आणि हेच मला आज सगळ्यात जास्त टोचतं.

एप्रिल संपता संपता लांगेबाई आल्या. चढ चढून आल्यावर त्या नेहमी लगेच बोलायला लागत, त्या दिवशी खुर्चीवर बसल्या. पिशवीतून तीन टोकं काढली आणि म्हणाल्या, "ह्यांना शेवटची धार लावून द्या. मी धनुष्य विकते आहे. शनिवारी ट्युबिंगनहून घेणारा येईल."

मी काय झालं विचारलं. नर अठरा मीटरवर होता, आडवा उभा, शांत. बाण जरा पुढे, खांद्याच्या हाडाच्या कडेला लागला. आत गेला तो वीतभरसुद्धा नाही. हरीण पळालं. साठ पावलांवर मोडलेला बाण टोकासकट सापडला. माग काढणाऱ्या कुत्र्याला घेऊन दोन दिवस शोधलं, पाऊस आला, माग गेला. हरीण मिळालंच नाही.

"माझा हात हलला असणार," त्या म्हणाल्या. "एकोणसत्तराव्या वर्षी माणसाला आपलं आपण कळायला हवं. त्या जनावराला मी वाट पाहायला लावली."

मी टोक उचललं. धुऊन पुसून आणलं होतं. दोन पात्यांचं ते टोक पुढून खिळ्यासारखं वाकलं होतं आणि धार एका बाजूला मुडपली होती. कडक पोलाद हाडाला लागलं तर टिकतं, फार तर त्याचा कण उडतो. मुडपत नाही. बाण जरा पुढे लागला होता हे खरं, पण चांगलं पातं ती कड कापून आत गेलं असतं.

"हाड होतं ना," मी म्हणालो.

"हो," बाई म्हणाल्या. "हाड."

त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि कानस काढली. चांगल्या पाण्याच्या पोलादावरून कानस घसरते, पकडतच नाही. राहिलेल्या दोन टोकांवर ती घसरली. ह्या टोकावर ती रुतली आणि चुरा निघाला. म्हणजे मी त्या बाईंना एकदा पॉलिश करून फसवलं होतं, आणि आता तोंडावर 'हाड होतं ना' म्हणून दुसऱ्यांदा.

घरी मी जेवलो नाही. सुनंदानं विचारलं, मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही वर्षभराचं उट्टं काढणार. तिनं ताटावर ताट झाकलं आणि समोर बसली.

"बाण तुमच्या हातचा आहे असं मी म्हणायचे तेव्हा तुम्ही चिडायचात," ती म्हणाली. "आता तरी आहे म्हणाल का?"

"आहे."

"मग त्या बाई धनुष्य विकायच्या आत जाऊन सांगा."

"सगळे तिरंदाज एकाच क्लबचे आहेत. एकाला कळलं की सगळ्यांना कळणार. पुन्हा कुणी यायचं नाही."

"नाही आलं तर नाही आलं," सुनंदा म्हणाली. तिला काय, ते हवंच होतं.

तरी मला दोन दिवस लागले. शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून मी निघालो. बाईंचं घर टेकडीवर, वर जायला नुसत्या पायऱ्या. प्रत्येक वळणावर परत फिरायचं एखादं चांगलं कारण सुचत होतं. दार उघडलं तेव्हा आत टेबलावर धनुष्य पुसून ठेवलेलं होतं आणि त्याची पेटी उघडी होती. मी बूट काढले नाहीत, बसलो नाही, खिशातून ते टोक आणि कानस काढून टेबलावर ठेवली. वाटेत जर्मनमध्ये जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो.

"तुमचा हात हलला नाही," मी म्हणालो. "हलला असता तरी चाललं असतं. माझ्या हातून हे पातं जळलं होतं."

बाईंनी कानस उचलली आणि स्वतःच पात्यावरून फिरवली. चुरा टेबलावर पडला. त्यांना पोलादातलं कळतं, आयुष्य ऑपरेशनच्या हत्यारांत गेलेलं.

"निळं झालं होतं?"

"हो."

"तुम्ही पाहिलंत?"

"हो."

"आणि पॉलिश केलंत."

"हो."

त्यांनी कानस खाली ठेवली आणि उजवा हात समोर सरळ धरला, बोटं पसरून. "दोन आठवडे रोज सकाळी मी हा असा धरून बघते आहे, थरथरतोय का," त्या म्हणाल्या. हात जरासुद्धा हलत नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाई रडल्या नाहीत आणि त्यांनी मला पाणीही विचारलं नाही.

"आल्झो, बरं तर," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही निघा."

मी निघालो. सोमवारपर्यंत क्लबमध्ये सगळ्यांना कळलं होतं. बाईंनी स्वतःच सांगितलं, आणि त्यांनी सांगायलाच हवं होतं. मे महिनाभर दुकानात एकही बाण आला नाही. फक्त ते मिशाळ गृहस्थ एकदा आले, दारातूनच त्यांनी विचारलं, "माझीपण जाळलीत का?" मी सगळी आणा म्हटलं, एकेकावर कानस फिरवून दाखवली. ती ठीक होती. तरी धार लावायला त्यांनी ती ठेवली नाहीत, सगळी मोजून पिशवीत भरून परत घेऊन गेले. मी कोरडं ग्राइंडर काढून टाकलं. सुऱ्या, कात्र्या, विळ्या चालू होत्या, पोटापाण्याची चिंता नव्हती. पण माझ्या कामावर मला जो विश्वास होता तो गेला होता. साधी भाजीची सुरी करतानाही मी चार-चारदा भिंगातून बघायचो.

जूनमध्ये एका गुरुवारी लांगेबाई दारात उभ्या. धनुष्य विकलं नव्हतं. हातात नवा धारेचा दगड होता, अजून कागदात गुंडाळलेला.

"तुमच्यावर माझा विश्वास नाही," त्या म्हणाल्या. गुटेन टाग वगैरे काही नाही. "पण मला शिकवेल असं इथे दुसरं कुणी नाही. अंगठा चालत नाही, त्याचं काय ते बघा."

अंगठ्याचं मी पाहिलं. बीचच्या लाकडाची एक मूठ बनवली, तिच्या पुढच्या टोकात आटे बसवले, म्हणजे पातं स्क्रूसारखं मुठीत बसतं आणि अंगठ्याला धरावं लागत नाही. मूठ त्यांच्या हाताच्या मापाची होईपर्यंत चारदा तासली. मग सहा गुरुवार आम्ही समोरासमोर बसलो. धारेच्या उतारावर मार्करनं काळं करायचं, दोन हात मारायचे आणि काळं कुठे गेलं ते बघायचं, म्हणजे कोन बरोबर लागतोय की नाही ते कळतं. एका बाजूनं घासलं की दुसऱ्या बाजूला बर येते, केसाएवढी बारीक लोखंडाची कड. ती बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही. ती काढली नाही तर धार लागल्यासारखी वाटते आणि पहिल्याच घावाला दुमडते. बाईंना घाई फार. रबरबँड तुटला नाही की त्या अशा शिव्या द्यायच्या की मला नवे जर्मन शब्द मिळायचे. सहाव्या गुरुवारी दोन जुनी आणि एक नवं, अशी तिन्ही टोकं रबरबँडला टेकताच पास झाली. मी हात लावला नव्हता. त्यांनी कानस मागून घेतली आणि तिन्हींवर फिरवली, माझ्यासमोर, मुद्दाम. मला राग आला नाही.

तेव्हापासून मी कुणाच्याही बाणाला धार लावत नाही, फक्त शिकवतो. क्लबची मंडळी हळूहळू परत आली. आता गुरुवारी सहा-सहा जण दगड घेऊन बसलेले असतात. घरी मी हे अभिमानानं सांगितलं. मला वाटलं होतं, सुनंदाला आनंद होईल.

"म्हणजे आधी एकटे तुम्ही धार लावत होता," ती म्हणाली, "आणि आता सहा माणसं तयार केलीत." पंचशील आम्ही रोज म्हणतो, पहिलं शील मी जरा हळू आवाजात म्हणतो, आणि ते तिच्या लक्षात आलेलं आहे.

ऑगस्टच्या मध्याला लांगेबाई हंगेरीहून परतल्या आणि सरळ दुकानात आल्या. मी कॉफी केली. त्यांनी सगळं हातवारे करून सांगितलं. नर बावीस मीटरवर, गवतात, मान खाली. बाण आरपार गेला. हरणानं मान वर केली, थोडं चाललं आणि बसलं.

"आठ सेकंद," त्या म्हणाल्या. "मी मोजले."

एक हरीण मेल्याचा मला आनंद झाला, हे मी मंडळाच्या अंकात माझ्या नावासकट छापून देतो आहे. आनंदच झाला, दुसरा शब्द नाही. आणि त्याच आनंदात माझ्या तोंडून तो प्रश्न निघून गेला जो चार महिने मी विचारला नव्हता.

"आणि एप्रिलमधलं? त्याचं काय झालं असेल?"

बाई डॉक्टरसारख्या बोलल्या. "खांद्याची जखम. जगलंही असेल, ही रे हरणं चिवट असतात. नाहीतर चार दिवस. आठवडासुद्धा." "बाण मी सोडला होता, हेर साल्वे. ते हरीण आपण दोघांनी वाटून घेऊ. अर्धं तुमचं, अर्धं माझं."

"नाही," मी म्हणालो. "ते सगळं माझं आहे."

आपल्याकडे अशा वेळी समोरचा माणूस म्हणतो की असं काय बोलता, होतं कधीकधी. मीही मनातल्या मनात त्याची वाट बघत होतो. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, विचार केला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि कप पुढे केला. "कॉफी अजून आहे का थोडी?"